दुखणे एकाचे, बिल घरादाराचे

कळंबच्या शेतकऱ्याच्या छातीत कळ आली की आधी गावातला डॉक्टर, मग बारामती, तेथे जमले नाही तर पुणे. प्रत्येक टप्प्याला गाडीभाडे, सोबतच्या माणसाचे जेवण आणि बुडालेला रोज. पैसा उसाच्या बिलातून येतो. ते आले नसेल तर पाहुण्यांकडे हात पसरायचा, नाहीतर गोठ्यातली दुभती म्हैस बाजारात न्यायची.

उपचार इतके महाग का, असे विचारले की लोक डॉक्टरकडे बोट दाखवतात. त्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. रुग्ण पाठवणाऱ्याला मिळणारा 'कट' कोणाला ठाऊक नाही? पण खरे कारण त्याहून खोल आहे. बैल घेताना आपण दात पाहतो, चार बाजार फिरतो. छातीत कळ आलेला माणूस बाजार फिरू शकत नाही, सांगितलेली किंमत मुकाट्याने देतो.

हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या स्टेंटचेच पाहा. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारने औषधी लेप असलेल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली. त्याआधी त्यासाठी लाख-सव्वा लाख मोजणारे कितीतरी होते. सर्वांत जास्त नफा रुग्णालयाच्या टप्प्यावर घेतला जात होता, असे सरकारच्याच आकडेवारीत दिसले. किंमत सरकारने उतरवली, रुग्णाला ती घासाघीस करून कधीच उतरवता आली नसती.

देशात आरोग्यावर खर्च होणाऱ्या शंभर रुपयांपैकी २०१३-१४ मध्ये ६४ रुपये लोकांच्या खिशातून जात. २०२१-२२ मध्ये हा आकडा ३९ वर आला. सुधारणा आहे, पण हे ३९ रुपये नेमके आजारपणात, हाती काही नसताना द्यावे लागतात. सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के करू, असे २०१७ च्या आरोग्य धोरणात म्हटले होते. २०२१-२२ मध्ये तो दोन टक्क्यांनाही पोचला नव्हता.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे संरक्षण पाच लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय राज्याने २०२३ मध्ये घेतला. चांगलेच झाले. मात्र ही योजना मुख्यतः रुग्णालयात भरती झाल्यावरची. रक्तदाबाची, मधुमेहाची रोजची गोळी तीत बसत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात ती मोफत मिळते खरी, पण शिल्लक नसली तर दुकानाची चिठ्ठी हाती येते आणि पैसे नाहीत म्हणून गोळी बंद होते. आमच्या मते सरकारने पहिला रुपया येथे घालावा. ही गोळी चुकली की पुढे लाखाचे बिल येते.

तोवर एवढे करा. योजनेतील रुग्णालयात अनामत भरण्याआधी आरोग्यमित्राला गाठा, शिधापत्रिका जवळ ठेवा. खाजगी रुग्णालयाने दरपत्रक दर्शनी भागात लावावे, असा राज्याचा नियम २०२१ पासून आहे. ते दिसले नाही तर मागा. पुण्यातल्या धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत असतात. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो, तो धावपळीत मिळत नाही. तहसील कचेरीतून आधीच काढून ठेवा.