नावे ठेवण्याजोगी नावे

गेल्या महिन्यात डोंबिवलीत एका स्नेह्यांच्या नातवाचे बारसे होते. पाळणा फुलांनी सजलेला, घुगऱ्यांचा वास घरभर दरवळलेला, आप्तेष्ट दाटीवाटीने जमलेले. आत्याने बाळाच्या कानाशी तोंड नेले. पण नाव सांगण्यापूर्वी तिने मोबाइल उघडून ते एकदा वाचून घेतले. 'रेयांश'. कोपऱ्यातील खुर्चीवर बसलेल्या नव्वदीच्या पणजीबाईंनी विचारले, "काय ठेवलं गं नाव?" सुनेने सांगितले. त्यांना उमगले नाही. दुसऱ्यांदा सांगितले, तिसऱ्यांदा सांगितले. अखेर त्या हसून म्हणाल्या, "असू दे. मी आपली बाळ्याच म्हणेन." सारे हसले, मीही हसलो. परतीच्या लोकलमध्ये मात्र ते हसू टिकले नाही. चार पिढ्या एका छपराखाली जमलेल्या असताना घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीला सर्वांत धाकट्याचे नाव उच्चारता येऊ नये, ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी आहे का?

निघताना बाळाच्या वडिलांना मी नावाचा अर्थ विचारला होता. "विष्णूचा अंश, काका. आणि सूर्याचा पहिला किरणसुद्धा," असे तत्पर उत्तर आले. आधार विचारला, तर एका संकेतस्थळाचा. घरी येऊन आपट्यांचा संस्कृत कोश काढला. त्यात 'अंश' आहे. 'रे' आहे, परंतु ते हाक मारण्याचे अव्यय. 'रेय' काही सापडला नाही. मग किरण आला कोठून? इंग्रजीत किरणाला जो शब्द आहे त्याचा उच्चार 'रे' असा होतो, हे ध्यानात आले आणि कोडे उलगडले. इंग्रजी डोके आणि संस्कृत शेपूट जोडून हे नाव घडवले गेले असावे. आणि भाबड्या आईबापांनी ते वैदिक समजून स्वीकारले!

अर्थांची घाऊक बाजारपेठ

हा प्रकार एका घरापुरता असता तर त्यावर लेखणी झिजवण्याचे कारण नव्हते. आज कोणत्याही बालवाडीची हजेरी वाचावी. 'आरव' हे नाव दर दोन-चार बाकांवर भेटेल. नावांच्या याद्यांमध्ये त्याचा अर्थ 'शांत' असा दिलेला असतो. संस्कृतात 'आरव' म्हणजे आवाज, ओरडणे, गलका! शांततेच्या आशेने ठेवलेले नाव दिवसभर गोंगाटाचा उद्घोष करत असते. 'विवान' म्हणजे सूर्याचे किरण, असे सांगितले जाते. सूर्यवाचक शब्द आहे तो 'विवस्वान'. गीतेच्या चौथ्या अध्यायाच्या पहिल्याच श्लोकात तो येतो. पण तो उच्चारताना जिभेला थोडे कष्ट पडतात, म्हणून मधला भाग कापून टाकला आणि अर्थ मात्र तसाच चिकटवून ठेवला.

'तनिष्क' आणि 'तनिष्का' यांची कथा तर याहून बोलकी आहे. टाटा समूहाने 1990च्या दशकात आपल्या दागिन्यांच्या दालनांसाठी हा शब्द घडवला. त्यातील 'निष्क' म्हणजे सोन्याचा अलंकार किंवा नाणे, हे खरे. व्यापाऱ्याने व्यापारासाठी नाव घडवले, त्यात त्याचे काहीच चुकले नाही. पण दुकानाच्या पाटीवरचा शब्द आपण पाळण्यात आणून ठेवला आणि त्याला 'देवीचे नाव' असे बिरुदही बहाल केले!

यात एक सूक्ष्म गोम आहे. उघड पाश्चात्त्य नाव ठेवणारा निदान प्रामाणिक तरी असतो. इथे आईवडिलांना संस्कृतची प्रतिष्ठा हवी असते. संस्कृत मात्र नको असते. कानाला ऋषिकुळातले वाटावे, पण कोश उघडण्याचे श्रम नसावेत, अशी ही मागणी आहे. आणि मागणी तसा पुरवठा, हा बाजाराचा नियमच आहे. खेदाची बाब ही, की हा ग्राहकवर्ग बहुतांशी आपलाच आहे. संस्कारांची भाषा बोलणाऱ्या, घरात गीता ठेवणाऱ्या, मुलांना शुभंकरोति शिकवणाऱ्या कुटुंबांतच हे सर्वाधिक चालते. तेव्हा इतरांकडे बोट दाखवण्यापूर्वी थोडे आत्मपरीक्षण केलेले बरे.

व्याकरण कशासाठी शिकावे?

दोन सहस्रकांपूर्वी पतंजलींनी महाभाष्याच्या आरंभीच व्याकरण शिकण्याची प्रयोजने सांगितली. त्यांत एक प्रयोजन आहे ते मुलाचे नाव ठेवण्याचे! जन्मानंतर दहा दिवसांनी नाव ठेवावे, ते घोषवर्णाने सुरू व्हावे, मध्ये अंतःस्थ वर्ण असावा, ते दोन किंवा चार अक्षरी असावे, कृदन्त असावे, तद्धितान्त नसावे. आणि व्याकरण न शिकलेल्याला कृत् कोणते व तद्धित कोणते हे कळणार कसे, असा त्यांचा रोकडा सवाल आहे. पारस्कर गृह्यसूत्रातही असेच नियम आहेत. मुलीचे नाव सहज उच्चारता यावे, कठोर नसावे, त्याचा अर्थ स्पष्ट असावा, असे मनुस्मृती सांगते. तपशील आज पाळावेत असे कोणी म्हणणार नाही. त्यामागील दृष्टी मात्र पाहावी. नाव म्हणजे बालकाला मिळणारा त्याच्या भाषेतला पहिला शब्द. तो देणाऱ्याला भाषा यायला हवी, एवढाच त्याचा इत्यर्थ.

आजचे आईवडील परंपरेकडे वळत नाहीत असे नाही. ते पत्रिका करतात, 'अक्षर' काढतात आणि त्या अक्षरावरून मोबाइलवर नाव शोधतात. सत्तावीस नक्षत्रे, प्रत्येकाचे चार चरण, म्हणून एकशे आठ अक्षरे. त्यांत 'ङ', 'ञ' आणि 'ण' ही अक्षरेही आहेत. त्यांवरून नाव कोठून आणणार? आपल्या पूर्वजांनी ही अडचण केव्हाच सोडवली होती. देवतानाम, मासनाम, नक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम अशी चार नावे होती. गुरुजनांना वंदन करताना सांगायचे नाव तर मुंजीपर्यंत केवळ आईवडिलांनाच ठाऊक असावे, असे आश्वलायन सांगतो. नक्षत्रनाम पत्रिकेत राहायचे, व्यवहारात घरच्यांना आवडलेले नाव चालायचे. आपण हा विवेक गमावला आणि अक्षराच्या हट्टापायी निरर्थक शब्दांना शरण गेलो. परंपरा अर्धवट ठाऊक असणे हे ती मुळीच ठाऊक नसण्यापेक्षा कधीकधी अधिक घातक ठरते, ते असे.

भाग्य रोमन लिपीत?

यावर कळस चढवला आहे तो अंकशास्त्राच्या दुकानदारांनी. रोमन अक्षरांना एक ते आठ किंवा एक ते नऊ असे अंक द्यायचे, त्यांची बेरीज करायची आणि ती 'अनुकूल' येत नसेल तर नावात एखादे 'ए' वाढवायचे, नाहीतर शेवटी एक 'एच' लटकवायचा. देवनागरीत 'अदिती' जशी होती तशीच राहते. रोमनमध्ये मात्र तिच्या अंगावर दोन-तीन अक्षरांचे ओझे चढते. आता या मंडळींना एकच प्रश्न विचारावासा वाटतो. मराठी घरात, मराठी आईच्या पोटी जन्मलेल्या मुलीचे भाग्य नेमके रोमन लिपीतच का लिहिलेले असावे? ज्ञानोबा-तुकोबांच्या नावांचे रोमन स्पेलिंग कोणी जुळवले होते? आपल्या लिपीत आपले नशीब असू शकत नाही, असे मानणे हा न्यूनगंड नव्हे तर काय?

या हौसेची किंमत पुढे मुलाला मोजावी लागते. जन्म-मृत्यू नोंदणीचा 1969चा कायदा 2023 साली सुधारण्यात आला. 1 ऑक्टोबर 2023 रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, आधार, पारपत्र अशा अनेक कामांत जन्मदाखला हाच आधारभूत पुरावा धरला जातो. दाखल्यावर एक स्पेलिंग, शाळेत शिक्षिकेने समजुतीने सुधारलेले दुसरे आणि आधारवर तिसरे, असे झाले की प्रतिज्ञापत्रे आणि राजपत्र यांचे हेलपाटे सुरू होतात. देवनागरीचीही तीच गत. 'सृष्टी'ची 'श्रुष्टी' होते, 'तृप्ती'ची 'त्रुप्ती' होते. कारण नाव आधी रोमनमध्ये ठरते आणि मग मराठीत 'भाषांतरित' होते.

जुने ते सारे सोने नव्हते

येथे कोणी म्हणेल, की म्हाताऱ्यांना नवे काही रुचतच नाही. तसे नाही. माझ्या वर्गात तीन राजेश होते आणि ती कृपा राजेश खन्ना यांची होती! आमच्या पिढीचे आईबापही पडद्याकडे पाहूनच नावे ठेवत होते. त्याहून गंभीर गोष्टीही आहेत. वर्णानुसार नावे सांगताना एका मोठ्या समाजाच्या वाट्याला निंदावाचक नाव देणारी वचने आपल्याच स्मृतिग्रंथांत आहेत; तो कलंक आहे आणि तो कलंक म्हणूनच सांगितला पाहिजे. मुले जगत नाहीत म्हणून काळाची दृष्ट चुकवण्यासाठी धोंडू, दगडू, केरबा अशी नावे ठेवली जात. त्यांमागे निदान आईचे काळीज होते. पण 'नकोशी'चे काय? मुलगा हवा असताना मुलगी झाली, म्हणून तिचे नावच 'नकोशी' किंवा 'नकुसा' ठेवण्याची रीत आपल्याच महाराष्ट्रात होती. ऑक्टोबर 2011मध्ये सातारा जिल्ह्यात अडीचशेहून अधिक अशा मुलींचे जाहीर समारंभात पुन्हा नामकरण करण्यात आले. नावात काय आहे, असे सहज विचारणाऱ्यांनी हा प्रश्न त्या मुलींना विचारून पाहावा. शाळेत हजेरी होताना रोज सकाळी 'तू आम्हाला नको होतीस' हे वाक्य ऐकत त्या मोठ्या झाल्या. नावातील अर्थ मनावर ओरखडा उमटवू शकतो, तसाच तो मनाला उभारीही देऊ शकतो. म्हणूनच अर्थाची ही शक्ती आयती हाती असताना मुलाला पोकळ शब्द देणे हा करंटेपणा आहे.

'आमच्या मुलाचे नाव दुसऱ्या कोणाचेच नसावे,' ही इच्छा मी समजू शकतो. तीन राजेशांच्या वर्गात बसलेल्याला ती नक्कीच समजते. पण वेगळेपणासाठी शब्द मोडण्याची गरज काय? निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता ही चार नावे क्रमाने उच्चारून पाहा. विरक्ती, ज्ञान, जिना आणि मुक्ती. आळंदीच्या त्या घरात भावंडांच्या नावांतच एक तत्त्वज्ञान उभे राहिले. लोपामुद्रा, अपाला, घोषा, विश्ववारा या मंत्रद्रष्ट्या स्त्रियांची नावे किती घरांत आहेत? चोखोबांची सोयरा आणि निर्मळा कोणत्या पाळण्यात आहेत? नचिकेत, उपमन्यू, आरुणी कोठे गेले? इंद्रायणी, बकुळ, शेवंती यांचे काय वाकडे झाले? गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पुढे आलेली ओवी, सई, अर्णव, अथर्व ही नावे नवीच आहेत. ती अर्थवाही आहेत, उच्चारसुलभ आहेत आणि गोडही आहेत. तेव्हा विरोध नव्याला नाही, आहे तो निरर्थकाला.

शासनाने यात लक्ष घालावे असेही मी म्हणणार नाही. मुलाचे नाव ठेवणे हा आईवडिलांचा अधिकार आहे आणि तो त्यांच्याकडेच राहावा. तरीही चार लाखांहून कमी लोकसंख्येच्या आइसलँडचे उदाहरण विचार करायला लावते. तेथे नवे नाव रूढ करायचे असेल तर एका अधिकृत समितीची मान्यता लागते. ते नाव आइसलँडी भाषेचे विभक्तिप्रत्यय स्वीकारते की नाही, त्या भाषेच्या लेखनपद्धतीत बसते की नाही, हे पाहिले जाते. एवढासा देश आपल्या भाषेला इतके जपतो. त्याने कायद्याने केले, ते कोट्यवधी मराठीभाषकांनी स्वेच्छेने का करू नये?

महाराष्ट्रात 1 मे 2024 रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या शासकीय कागदपत्रांत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम बंधनकारक झाला आहे. छांदोग्य उपनिषदातील सत्यकामाची आठवण करून देणारा हा निर्णय आहे. पित्याचे गोत्र ठाऊक नसलेल्या त्या मुलाला जबाला म्हणाली, की मी जबाला आणि तू सत्यकाम, तू स्वतःला सत्यकाम जाबाल म्हणव. गुरूने त्याचे सत्य ऐकले आणि त्याला शिष्य म्हणून स्वीकारले. सत्याची कामना करणारा असे नाव असलेल्या मुलाने त्या नावाला जागून दाखवले. नावाला जागायचे तर मुळात नावाला अर्थ हवा.

म्हणून पुढचे बारसे ठरेल तेव्हा तीन साध्या गोष्टी कराव्यात. नाव आधी देवनागरीत लिहून पाहावे. एखादा चांगला कोश उघडावा, नाहीतर गावातल्या संस्कृतच्या शिक्षकांकडे जावे. आणि घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला ते नाव अंगणातून मोठ्याने हाक मारून म्हणायला सांगावे. तिची जीभ अडखळली तर बाळाच्या कानात 'कुर्र्र' करण्यापूर्वी नावाचा पुन्हा विचार करावा. डोंबिवलीच्या त्या पणजीबाई आपल्या पणतूला बाळ्या म्हणतील, आणि तोही आनंदाने ओ देईल. पण उद्या तो शाळेतून येऊन विचारील, "बाबा, माझ्या नावाचा अर्थ काय?" तेव्हा त्याच्या बापाकडे संकेतस्थळाच्या पत्त्याखेरीज दुसरे उत्तर असायला हवे.