गाडी बघायला सासूबाईंनाही न्या



मागच्या महिन्यात आमच्याकडे जुनी गाडी विकून दुसरी जुनी गाडी घेतली. "जुनी विकून जुनीच?" असं तिघी-चौघींनी मला मंदिरात विचारलं. हो, जुनीच. त्यावर घरात जे चर्वितचर्वण झालं त्यातून माझं एक मत पक्कं झालंय, ते आज लिहिते. आपल्या घरांमधून गाडी पुरुषमंडळी ठरवतात आणि डब्यांची पिशवी मांडीवर घेऊन मागे आपण बसतो. म्हणून गाडी बघायला आपण जायलाच हवं. आणि नुसतं आपण नाही, घरात ज्यांचे गुडघे सगळ्यात जास्त दुखतात त्यांनाही न्यायला हवं.

कोल्हापुरात सेकंडहँड गाडीभोवती चार माणसं जमली की पहिला प्रश्न ठरलेला. "किती देतीया?" म्हणजे ॲव्हरेज किती. ॲव्हरेज बघूच नये असं मी म्हणत नाही. पण मी १९८१ ची बी.कॉम. आहे, आकडा समोर आला की तो मांडून बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

वर्षाला सहा हजार किलोमीटर धरा. शहरात राहणाऱ्या, दुकान घरापासून जवळ असलेल्या आमच्यासारख्या घराची गाडी याहून फार फिरत नाही. पेट्रोल लिटरला १०५ रुपये धरा. दहाचं ॲव्हरेज असलेली गाडी वर्षाला ६०० लिटर पिते. पंधराची ४००. विसाची ३००. पंचविसाची २४०. आता नीट बघा. दहावरून पंधरावर गेलात तर २०० लिटर वाचतात, म्हणजे २१ हजार रुपये. पंधरावरून विसावर गेलात तर १०० लिटर. आणि विसावरून पंचविसावर गेलात तर फक्त ६० लिटर, म्हणजे ६,३०० रुपये, महिन्याला सव्वापाचशे. प्रत्येक वेळी फरक पाचाचाच, पण बचत उतरत जाते. युरोपात ॲव्हरेज शंभर किलोमीटरला किती लिटर असं सांगतात, तिथे हा घोटाळा होत नाही. आपल्याकडे "वीस नको, पंचवीसवाली बघ" म्हणून लोक ऐंशी हजार जास्त द्यायला तयार होतात. ते ऐंशी हजार सात टक्क्यांनी बँकेत ठेवले तर वर्षाला ५,६०० व्याज येतं. वाचलं काय? सातशे रुपये.

शिवाय कंपनीच्या कागदावरचा आकडा हा रस्त्यावरचा नसतो. पुण्याच्या टेकडीवरची एआरएआय ही संस्था १९६६ पासून आहे. तिथे गाडी रोलरवर चढवून ठरावीक वेगाने चालवतात आणि मोजतात. तिथे ना दाभोळकर कॉर्नरचा सिग्नल, ना स्टेशन रोडची गर्दी, ना एसी लावायला सांगणारी नातवंडं. त्या आकड्यातून चौथा हिस्सा वजा करून हिशोब करा, पुढे वाईट वाटत नाही. त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलंय. इथेनॉलमध्ये त्याच मापाच्या पेट्रोलपेक्षा ऊर्जा साधारण एक तृतीयांश कमी असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडं उतरणारच. ऊस आपलाच, त्यामुळे इथे तक्रार करायचीही चोरी! पण २०२३ च्या आधीच्या बऱ्याच गाड्या वीस टक्क्यांसाठी बनवलेल्या नाहीत. रबरी नळ्या आणि सील तपासून घ्यायला मेकॅनिकला आवर्जून सांगा.

आता जागेचं. खरा वाद घरात इथेच झाला.

आमच्या घरात माणसं सात. सासूबाई (वय ८६), आम्ही दोघं, मुलगा, सून आणि दोन नातवंडं. मुलाचं म्हणणं, सात माणसं म्हणजे सात सीटची गाडी. अर्टिगा घेऊया. ऐकायला बिनतोड वाटतं. मी काही बोलले नाही, स्वयंपाकघरातल्या दुधाच्या वहीत मागच्या पानावर तीन महिने नोंद ठेवली. गाडी बाहेर किती वेळा निघाली, आत कोण होतं, सामान काय होतं. एकूण ७४ फेऱ्या झाल्या. पाचपेक्षा जास्त माणसं असलेल्या फेऱ्या पाच, त्यातही सातही जण असलेल्या दोनच. सासूबाई होत्या अशा १९. डिकी गच्च भरली होती अशा ११. ही वही जेवणाच्या टेबलावर ठेवली तेव्हा आमचे हे हसले. मुलगा मात्र हसला नाही, तो वही वाचत बसला. गुण त्याच्याकडेही आहेत.

त्या अकरा फेऱ्यांचं सामान काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. महाराज विहारात असले की आपल्यातल्या कितीतरी घरांतून चौका लावायला लोक पुढच्या गावी जातात. महाराज चालत जातात आणि आपण गाडीत भांडी भरून मागे. कळशी, गाळणं, सोवळ्याचे कपडे, घरी दळलेलं पीठ, शेगडी, पातेली, पाट. हे सामान कोणावर रेलून ठेवता येत नाही, कोणाच्या पायाशी ठेवता येत नाही. ते डिकीतच वेगळं राहायला हवं. आणि सात सीटच्या गाडीत सातही सीट उभ्या असल्या की डिकी उरते किती? नव्या बांध्याच्या अर्टिगात २०९ लिटर. वॅगनआरमध्ये, जी पाच सीटची आणि पाऊण मीटर आखूड, ३४१ लिटर. हे आकडे ऐकून सून म्हणाली, "आई, मग मोठी गाडी लहान आणि लहान गाडी मोठी?" तसंच आहे. अर्टिगाच्या मागच्या सीट पाडल्या तर पोटमाळ्याएवढी जागा होते हे खरं, पण मग ती पाच सीटचीच गाडी झाली. आणि त्या तिसऱ्या रांगेत जायचं म्हणजे मधली सीट पुढे सरकवून, वाकून, एक पाय आत टाकून चढायचं. नऊवारीत किंवा साठीनंतर हे करून बघा एकदा. तिथे नातवंडंच बसतात, तीही दहावीपर्यंत.

म्हणून माझा आग्रह की गाडी बघायला सासूबाईंना न्यावं. आम्ही नेलं. सेदान प्रकारच्या गाडीत, डिझायर म्हणा किंवा तसली दुसरी कुठलीही, डिकी चांगली ३७८ लिटर, पण बसताना खाली उतरावं लागतं आणि उतरताना स्वतःला वर खेचावं लागतं. सासूबाई एकदा बसल्या आणि उठताना दाराचा वरचा भाग घट्ट धरून म्हणाल्या, "ही नको गं." झाला निकाल. उंच बांध्याच्या गाडीत सीट साधारण खुर्चीच्या उंचीवर येते. टेकायचं, पाय आत घ्यायचे. काठी दाराशी उभी करता येते. हा मुद्दा कुठल्याच जाहिरातीत नसतो.

ईको गाडीबद्दल आपल्यात खूप जणी विचारतात, कारण चौक्याच्या गटांकडे ती असते. सरकते दरवाजे अरुंद गल्लीत फार सोयीचे. सामान तर विचारूच नका. पण इंजिन पुढच्या सीटखाली असतं, एप्रिलमध्ये पुढे बसणाऱ्याला त्याची जाणीव होते, आणि लांबच्या प्रवासात हाडं खिळखिळी होतात. चार घरांनी मिळून सेवेसाठी घ्यायची तर ईको उत्तम. एका घराची एकच गाडी म्हणून मी घेणार नाही.

सीएनजीचंही तेच. स्वस्त पडतं, खोटं नाही. ज्यांच्या घरातलं कोणी रोज इचलकरंजी किंवा सांगलीला ये-जा करतं त्यांनी जरूर घ्यावी. पण टाकी डिकीत बसते आणि डिकी संपते. वर पंपावरची रांग. जुनी सीएनजी गाडी घ्यायचीच असेल तर आरसी बुकात सीएनजीची नोंद आहे का आणि टाकीची दर तीन वर्षांची चाचणी झाली आहे का, हे बघा. डिझेल तर शहरातल्या दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांना नकोच. २०२० च्या एप्रिलनंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी जाळी असते, ती साफ व्हायला गाडी अधूनमधून हायवेवर पळवावी लागते.

आता आपल्या गावाची खास गोष्ट, जी मुंबई-पुण्याच्या सल्ल्यांत फारशी सापडत नाही. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै. पंचगंगेचं पाणी कुठवर आलं होतं ते शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत कोणालाही विचारा. त्या दोन पुरांत उभ्या गाड्या पाण्यात गेल्या. धुऊन, सुकवून, पॉलिश मारून अशा गाड्या नंतर बाजारात येतात. दिसायला लखलखीत. दुसऱ्या गावातूनही येतात, चेन्नईत डिसेंबर २०२३ मध्ये गाड्या तरंगताना आपण टीव्हीवर बघितल्याच. ओळखायचं कसं? सीटबेल्ट हळूहळू शेवटपर्यंत बाहेर ओढा. सगळे सीट धुणारा माणूस बेल्टचा आतला हातभर भाग धुवायचा विसरतो, तिथे मातकट रेघ दिसते. स्टेपनी उचलून खालच्या खळग्यात बोट फिरवा, गाळ लागतो का. सीट ज्या पट्ट्यांवर सरकते त्यांवर गंज, हेडलाइटच्या आत दव, आणि काचा बंद करून पाच मिनिटं बसल्यावर येणारा ओल्या गोणपाटासारखा वास. वास आपल्याला लवकर कळतो. आयुष्यभर डाळी-तांदूळ हुंगून निवडलेत आपण. आम्ही बघितलेल्या एका गाडीत अत्तराची बाटली उपडी केल्यासारखा सुवास होता. विकणारा म्हणाला, "वहिनी, गाडी एक नंबर हाय." मी बेल्ट ओढला आणि आम्ही घरी आलो.

कागदांचं थोडक्यात सांगते. गाडी चार-पाच वर्षांची घ्यावी, कारण विम्याच्या तक्त्यात पाच वर्षांत गाडीची किंमत निम्मी धरतात. पडायची ती मोठी घसरण पहिल्या मालकाने सोसलेली असते. कर्ज फिटलं असेल तर बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ हवा, नावावर करायला २९ आणि ३०. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. आधीच्या मालकाचा 'नो क्लेम बोनस' आपल्याला मिळत नाही, तो त्याचाच. बेळगाव-चिकोडीकडची गाडी स्वस्त दिसते, पण केए नंबर एमएचवर आणायचा म्हणजे एनओसी आणि इथला रोड टॅक्स पुन्हा. तो जोडून मग स्वस्त म्हणा. आणि जीएसटी! जानेवारी २०२५ पासून जुन्या गाडीवर १८ टक्के, पण तो व्यापाऱ्याच्या नफ्यावर, गाडीच्या पूर्ण किमतीवर नव्हे. घरगुती माणसाकडून थेट घेतली तर तोही नाही. एका दुकानात आम्हाला पूर्ण किमतीवर अठरा टक्के लावून कागद दाखवला. मी शांतपणे विचारलं, "तुमची खरेदी किंमत किती?" तो चहा सांगायला आत गेला.

सीट कव्हरचं विसरू नका. जुन्या गाडीत पहिल्या मालकाने हौसेने बसवलेली कव्हरं बहुतेक वेळा रेक्झिनची असतात, पण महागड्या गाड्यांत स्टिअरिंगचं किंवा सीटचं कव्हर खऱ्या चामड्याचं असू शकतं. विचारून घ्या. कळत नसेल तर काढून टाका, कापडी घाला. सुती कव्हर उन्हाळ्यात भाजतही नाही.

परिग्रह-परिमाणाचा प्रश्न आमच्या मुलानेच काढला, थोडं चिडवायला. "आई, तुझ्या व्रतात गाडी बसते का?" शास्त्रात बाह्य परिग्रहाचे दहा प्रकार मोजतात, त्यात 'यान' आहेच. मी सांगितलं, बसते, पण संख्या लिहिलेली आहे. एक. दारात दुसरी उभी करायची नाही, आणि जी आहे ती गरजेहून मोठी नको. वर्षातून दोनदा सगळे सात जण निघतो, एकदा कुंभोज बाहुबलीला आणि एकदा लांब कुठेतरी. बाहुबली तासाभराचं, तिथे दोन फेऱ्या होतात. लांबच्या प्रवासाला चालकासकट मोठी गाडी भाड्याने करायची. २०१८ च्या महामस्तकाभिषेकाला श्रवणबेळगोळला आम्ही तसेच गेलो होतो. त्या दोन दिवसांसाठी ३६३ दिवस दोन रिकाम्या सीट ओढत फिरायचं आणि त्यांचं पेट्रोल, विमा, टायर भरायचं हे मला पटत नाही. चातुर्मासात तर आम्ही रात्रीची गाडी काढतच नाही, दिव्यावर येणारे जीव काचेवर बघवत नाहीत.

ज्यांच्याकडे रोज सहा माणसं एकत्र निघतात, शाळेला चार मुलं जातात, त्यांना माझा हिशोब लागू नाही. त्यांनी अर्टिगा घ्यावी, चांगली गाडी आहे. पण आधी तीन महिने वही ठेवा.

आम्ही घेतलेली वॅगनआर २०२१ ची, पेट्रोलची, एकाच मालकाची, ३१ हजार किलोमीटर चाललेली, सर्व्हिसच्या सगळ्या नोंदी जुळणारी. शहरात पंधरा-सोळा देते, हायवेला वीस. डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या सुमाराला, तेव्हा सांगलीच्या लग्नातून परतताना अंकलीच्या पुढे गाडी बाजूला घेऊन मागच्या सीटवर तिघींनी डबे उघडले. कोपर कोपराला लागलं नाही. आरसी बुक अजून नावावर व्हायचंय, एजंट "परवा" म्हणतोय. सोमवारी मी स्वतः आरटीओत जाणार आहे. कोणाला बरोबर यायचं असेल तर सांगा, मागे दोन जागा आहेत.