रस्त्यावर ‘यामे’ म्हणायला कुणी नसतं

माझ्या मुलीला गेल्या महिन्यात कराटेचा ब्राऊन बेल्ट मिळाला. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरापासून तिचा क्लास चालत सात-आठ मिनिटांवर आहे. सर्टिफिकेट घेऊन ती घरी आली. अम्मीनं तिची दृष्ट काढली, शेवयांची खीर केली आणि खीर वाढता वाढता म्हणाली, “आता हिला ट्यूशनहून आणायला जायची गरज नाही. हिच्या अंगाला हात लावायची कुणाची टाप आहे?”

सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण तसाच एक बेल्ट कधीकाळी माझ्याही कमरेला होता.

१९९६ ची गोष्ट. मी एकोणीस वर्षांचा होतो. पाच वर्षं कराटे केलं होतं, जिल्ह्याचं एक मेडलही होतं. रात्री साडेदहाच्या सुमाराला मिरजकर तिकटीजवळ माझी लुना एका माणसाच्या मोटारसायकलला घासली. चूक माझीच. शब्दाला शब्द लागला आणि त्यानं माझी कॉलर धरली. मी पाच वर्षं रोज शेकड्यानं मारलेला ठोसा मारला. मागच्या हाताचा, कमरेतून वळून मारायचा, कराटेत त्याला ग्याकू झुकी म्हणतात. ठोसा हनुवटीला लागला, जिथं लागायला हवा तिथंच. हात शिकवल्याप्रमाणं झटक्यात मागे आला. आणि मी थांबलो. अर्धाच क्षण, पण थांबलो.

कशासाठी थांबलो हे मला दवाखान्यात बसल्यावर कळलं. मी पंचांची वाट बघत होतो. क्लासमध्ये ठोसा लागला की सर ‘यामे’ म्हणायचे, म्हणजे थांबा. मग दोघांनी आपापल्या जागी जायचं, सर पॉइंट द्यायचे. त्या रात्री मला पॉइंट मिळाला होता, फक्त समोरच्या माणसाला ते ठाऊक नव्हतं. त्यानं माझी मान काखेत धरून मला लुनाच्या पायडलवर आपटलं. भुवईवर चार टाके पडले, खूण अजून आहे.

मला सोडवलं ते पानपट्टीपाशी उभ्या असलेल्या तालमीतल्या एका पोरानं. त्यानं ना ठोसा मारला, ना लाथ. मागून त्या माणसाच्या कमरेला मिठी घातली, त्याला खाली बसवला, वर आपण बसला आणि “बस कर की मर्दा, पोरगं हाय ते,” असं म्हणत त्याचा राग उतरेपर्यंत तसाच बसून राहिला. त्या माणसाला एक ओरखडासुद्धा उठला नाही. इतक्या वर्षांत मी त्या दृश्याचा जेवढा विचार केला, तेवढा माझ्या मेडलचा केला नाही.

आता कुणी म्हणेल, म्हणजे कराटे खोटं. तसं मला म्हणायचं नाही. पॉइंटच्या कराटेत काय असतं ते आधी नीट बघू. जागतिक संघटनेच्या नियमांत ठोशाला एक गुण, पोटावरच्या लाथेला दोन, डोक्यावरच्या लाथेला तीन. पण नुसता स्पर्श होऊन गुण मिळत नाही. वेळ साधावी लागते, अंतर बरोबर असावं लागतं, मारल्यावरही लक्ष सुटता कामा नये. आणि डोक्याकडे जाणारा फटका आवरता आला पाहिजे. जपानीत यासाठी ‘सुन्दोमे’ असा शब्द आहे. ‘सुन’ हे तिथलं जुनं माप, साधारण तीन सेंटिमीटरचं. निशाणाच्या तेवढं अलीकडे थांबायचं.

हा नियम भित्रेपणातून आलेला नाही. १९२२ मध्ये गिचिन फुनाकोशी ओकिनावातलं कराटे घेऊन टोकियोला गेले, तेव्हा स्पर्धा त्यांच्या डोक्यातही नव्हत्या. पुढच्या पिढीच्या तरुणांना एकमेकांशी लढून बघायचं होतं. खरं मारलं तर दात पडणार, बरगड्या मोडणार. म्हणून आवरून मारायचं ठरलं आणि १९५७ मध्ये जपान कराटे असोसिएशनची पहिली अखिल जपान स्पर्धा झाली. फुनाकोशी त्याच वर्षी वारले.

आवरून मारण्यात काय राहतं आणि काय जातं, हे ७ ऑगस्ट २०२१ ला सगळ्या जगानं बघितलं. टोकियो ऑलिंपिक, निप्पोन बुडोकान, ७५ किलोवरील वजनगटाची अंतिम लढत. एका बाजूला सौदी अरेबियाचा तारेग हामदी, दुसऱ्या बाजूला इराणचा सज्जाद गंजजादेह. हामदी ४-१ ने पुढे होता. तेवढ्यात त्याची लाथ गंजजादेहच्या मानेपाशी बसली आणि तो मॅटवर बेशुद्ध पडला. त्याला स्ट्रेचरवरून बाहेर नेलं. पंचांनी हामदीला बाद ठरवलं आणि सुवर्णपदक गंजजादेहला दिलं. आपण ऑलिंपिक विजेते झालो हे त्याला शुद्धीवर आल्यावर इतरांकडून समजलं.

तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर या लढतीची खूप टिंगल झाली. झोपलेला जिंकला आणि उभा असलेला हरला. मला वाटतं, टिंगल करणाऱ्यांचं चुकलं. खेळाचा नियम आवरण्याचा असेल तर न आवरणारा हरणारच, निकाल नियमाला धरूनच होता. पण त्याच क्षणानं दुसरीही एक गोष्ट दाखवली. ती लाथ पॉइंटच्या कराटेतलीच होती. तेच अंतर, तीच वेळ, तीच उडी. फक्त ती आवरली गेली नाही, आणि सव्वाशे-दीडशे कोटींत एखादाच असतो तसा ताकदीचा खेळाडू आडवा झाला. म्हणजे तंत्र पोकळ नाही. मी मिरजकर तिकटीवर हरलो तो ठोसा वाईट होता म्हणून नव्हे. ठोशानंतर थांबायची सवय माझ्या अंगात मुरली होती म्हणून हरलो. आणि कॉलर धरलेल्या माणसाचं काय करायचं, हे मला कुणी कधी शिकवलंच नव्हतं.

दुसऱ्या बाजूचा दाखला ल्योटो माचिदाचा. ब्राझीलचा हा माणूस लहानपणापासून वडिलांच्या हाताखाली शोटोकान कराटे शिकला. पिंजऱ्यातल्या लढतीत, जिथं ठोसे-लाथांबरोबर पकड, पाडणं, गळा आवळणं सगळं चालतं, तिथं तो २००९ मध्ये यूएफसीचा लाइट हेवीवेट विजेता झाला. अंतर राखून उभा राहायचा, समोरचा पुढे आला की एकदम आत घुसून तोच मागच्या हाताचा ठोसा. क्लासमधली पोरं मारतात तोच. कराटेवाले त्याचं नाव अभिमानानं घेतात आणि घ्यावंच. पण तो सूमो शिकला होता, ब्राझिलियन जुजुत्सूचा ब्लॅक बेल्टही त्याच्याकडे होता, हे सांगायचं विसरतात. त्याला धरलं तर पुढं काय करायचं ते ठाऊक होतं.

आपल्याकडे या गोष्टीची समज नव्हती असंही नाही. कोल्हापूरच्या मर्दानी खेळात फरीगदगा असतो. हातात छोटी ढाल, म्हणजे फरी, आणि चामड्यानं मढवलेली काठी, म्हणजे गदगा. तलवारीचे वार त्या काठीनं एकमेकांवर करून बघायचे. हेही एका अर्थी पॉइंटचंच खेळणं. पण त्या काळच्या माणसाला गदगा म्हणजे तलवार असं कधी वाटलं नसणार, कारण खरी तलवार घरात खुंटीला टांगलेली असायची. आमच्या भागात साठमारी आहे. आता ते जागेचं नाव उरलंय, पण तिथं पिसाळवलेल्या हत्तीला माणसं डिवचायची आणि तो अंगावर आला की दगडी बुरुजाआड शिरायची. बुरूज कुठं आहे हे ज्याला माहीत नाही त्यानं आत उतरायचं नाही. कराटेच्या क्लासमध्ये बुरूज मॅटच्या चारी बाजूंना असतात. पोरांना ते दिसत नाहीत एवढंच.

कुस्तीवाल्यांनी मात्र लगेच मिशीला पीळ देऊ नये. त्यांच्या खेळातही भोकं आहेत. पाठ टेकली की कुस्ती संपली. रस्त्यावर पाठ टेकल्यावर मारामारी सुरू होते. एकेरी पटाला वाकलेल्या पैलवानाच्या तोंडावर आखाड्यात कुणी गुडघा हाणत नाही, बाहेर हाणेल. मासुतात्सु ओयामा यांनी हे आवरून मारणं नको म्हणून क्योकुशिन काढलं, तिथं अंगावर पूर्ण ताकदीनं मारतात. पण हाताचा ठोसा चेहऱ्यावर चालत नाही, म्हणून त्यांची पोरं चेहरा उघडा टाकून छातीला छाती भिडवतात. प्रत्येक खेळ काहीतरी बाहेर ठेवतो. नाहीतर तो खेळ उरणार नाही. फरक एवढाच की तालमीतलं पोर रोज एका न ऐकणाऱ्या, उलट जोर लावणाऱ्या माणसाशी झुंजतं. लाल मातीत समोरचा सहकार्य करत नाही. म्हणून पानपट्टीवरच्या त्या पोराला काय करायचं याचा विचार करावा लागला नाही.

तर खीर खाऊन झाल्यावर मी एक आगाऊपणा केला. मुलगी स्वयंपाकघराच्या बोळात उभी होती, मी तिचं मनगट धरलं आणि म्हणालो, “सोडव.” ती हसली. मग तिनं ओढून बघितलं. मग दुसऱ्या हातानं एक ठोसा माझ्या छातीपर्यंत आणला आणि नेमका दोन बोटं अलीकडे थांबवला. फार सुंदर ठोसा होता, खरंच. मनगट माझ्या हातातच होतं. तिचे डोळे भरून आले आणि ती आत निघून गेली.

बायको तीन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. “पोरीका भरोसा कायकू तोडे?” एवढंच म्हणाली. तिच्या म्हणण्यात दम आहे आणि मी तो टाळत नाही. छेड काढणारा बहुतेक वेळा मान खाली घालून चालणारी मुलगी शोधतो. ताठ चालणारी, मोठ्यानं ओरडू शकणारी मुलगी त्याला नको असते. हे ताठ चालणं माझ्या मुलीला कराटेनं दिलं, माझ्या व्याख्यानांनी नाही. शिवाय आवरणं ही काही उणीव नव्हे. स्वसंरक्षणाचा हक्क कायदा देतो, भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ त्याबद्दलच आहेत, पण गरजेपेक्षा जास्त इजा करायला तो मुभा देत नाही. हात आवरता येणाऱ्या पोरानं भांडणात कुणाचा जीव घेण्याची शक्यता कमी, हे कुठल्याही बापाला हवंच असेल.

माझं भांडण अम्मीच्या वाक्याशी आहे. ते वाक्य गावभर चालतं. क्लासच्या फ्लेक्सवर स्वसंरक्षण लिहिलेलं असतं आणि आत पॉइंट शिकवले जातात. सरकारी शाळांतही मुलींसाठी राणी लक्ष्मीबाई यांच्या नावाची आत्मरक्षा प्रशिक्षणाची योजना आहे, तीन महिन्यांची. तीन महिन्यांत ग्याकू झुकी कुणालाच येत नाही. पकडलेलं मनगट, मागून घातलेली मिठी, ओढलेली ओढणी किंवा केस सोडवणं, ओरडणं, पळणं एवढं मात्र येऊ शकतं. मुलीला धरणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो, आणि तो सहा फुटांवर उभा राहून वाकून नमस्कार करत नाही. तो आधीच जवळ आलेला असतो.

मी क्लासच्या सरांना भेटायला गेलो. भला माणूस, फी थकलेल्या पोरांनाही बाहेर काढत नाही. माझं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “खरं मारायला लावलं तर उद्या हॉलमध्ये दोन पोरं शिल्लक राहतील, आणि दातांची बिलं माझ्या दारात.” मी म्हटलं, मारायला लावू नका, धरायला लावा. धरणाऱ्यानं खरंच धरायचं, सोडायचं नाही, आणि ‘यामे’ कुणी म्हणायचं नाही. सुटून दारापर्यंत पळालं की झालं. त्यांनी थोडा विचार केला. आता शनिवारी क्लास संपताना पंधरा मिनिटं हे चालतं. जवळच्या तालमीचे वस्तादही दोनदा येऊन बघून गेले. मुली मातीत उतरतात हे कोल्हापूरला आता नवं नाही, पण या पोरींना मातीत आणण्याऐवजी ते स्वतःच मॅटवर आले. चप्पल बाहेर काढताना म्हणाले, “फरशी लई गुळगुळीत हाय, इथं कोण पडायचं?” पंधरा मिनिटं कमी आहेत. सरांनाही ते माहीत आहे, पण पुढच्या महिन्यात जिल्हा स्पर्धा आहे आणि तिथं पॉइंटच लागणार.

ट्यूशनहून आणायला अजून मीच जातो. अम्मी कुरकुर करते. मुलगी गाडीवर मागे बसून परवाच्या लढतीत कुणी किती पॉइंट घेतले ते सांगते, आणि मला ते ऐकायला आवडतं.

काल रात्री जेवण झाल्यावर ती स्वतःच माझ्यापुढे मनगट करून उभी राहिली. मी धरलं, या वेळी चांगलं घट्ट. तिनं ठोसा आणला नाही. माझ्या अंगठ्याच्या बाजूला हात पिळला, नखं रुतवली, पायावर टाच मारली आणि जिन्यापर्यंत पळाली. अम्मीनं माझ्या हाताला हळद लावली.