बाजार उघडला, पालिकेची खिडकी मात्र बंदच

कोरोनाच्या टाळेबंदीचा विषय निघाला की आपला व्यापारीवर्ग दुकाने किती दिवस बंद होती याचा हिशेब मांडतो. तो मांडायलाच हवा. २०२० ची ईद-उल-फित्र २५ मे रोजी आली. रेड झोनबाहेरच्या गावांत दुकाने उघडण्याची परवानगी मिळाली ती २२ मेपासून, म्हणजे ईदला तीन दिवस उरले असताना. २०२१ ची ईद १४ मे रोजी आली तेव्हा तर 'ब्रेक द चेन' चालू होते आणि कापड, चप्पल, बांगड्या यांच्या दुकानांना कुलूप होते. शिंपी, मणियार, जोडेवाले, अत्तर-टोपीवाले यांची वर्षाची मोठी कमाई रमजानच्या शेवटच्या आठवड्यांत होते. असे दोन हंगाम लागोपाठ हातचे गेले.

परंतु आम्हाला आज वेगळाच हिशेब मांडायचा आहे. लहान गावांच्या नगरपालिकांनी बाजाराला कधी परवानगी दिली, हे सर्वांच्या लक्षात आहे. त्यांनी स्वतःची दारे कधी आणि कोणासाठी उघडली, याकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही. आमच्या मते आपल्या कारागिरांचे आणि हातगाडीवाल्यांचे खरे नुकसान तिथे झाले.

उदाहरण घेऊ. १३ एप्रिल २०२१ रोजी राज्य सरकारने निर्बंध जाहीर करताना सुमारे ५ लाख फेरीवाल्यांना प्रत्येकी १५०० रुपये देण्याची घोषणा केली. रक्कम लहान होती, पण घरात पीठ आणण्यापुरती होती. घोषणेत एक शब्द होता : नोंदणीकृत. ज्याचे नाव पालिकेच्या दप्तरी आहे त्यालाच पैसे. त्याआधी जून २०२० मध्ये केंद्राची पीएम स्वनिधी योजना आली, १०,००० रुपये खेळते भांडवल देणारी. तिच्यासाठीही पालिकेचे विक्रेता प्रमाणपत्र किंवा शिफारसपत्र लागत होते. फेरीवाल्यांचा कायदा २०१४ चा. सर्वेक्षण करून प्रत्येकाला प्रमाणपत्र द्यावे, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. पण किती गावांत ते सर्वेक्षण नीट झाले होते? जिथे झाले नव्हते तिथे केळीवाला, भंगारवाला, चाकूला धार लावणारा हे सगळे सरकारच्या लेखी अस्तित्वातच नव्हते. नाव नोंदवायला जावे तर पालिकेत जेमतेम चार माणसे, बाकीचे कर्मचारी घरोघरच्या तपासणीला आणि प्रतिबंधित क्षेत्राच्या बंदोबस्ताला जुंपलेले. तो कर्मचारी दोषी नव्हता. त्याने जीव धोक्यात घालून काम केले, हे आम्ही मान्य करतो. दोष क्रमाचा होता. जो कागद मिळाल्याशिवाय मदत नाही, त्या कागदाची खिडकी सर्वात आधी उघडायला हवी होती.

हीच गोष्ट मृत्यूच्या दाखल्याची. जन्म-मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हावी असा कायदा आहे. ती मुदत टळली की शुल्क, महिना उलटला की परवानगी, वर्ष गेले की त्याहून वरची पायरी. आता पाहा, दुकान बापाच्या नावावर, बँकेचे खाते बापाच्या नावावर, पालिकेचा गाळा बापाच्या नावावर. बाप वारला. मुलगा इद्दतीत बसलेल्या आईला सांभाळतो की दाखल्यासाठी तहसील आणि पालिका यांच्यात चकरा मारतो? दाखल्याविना गाळा नावावर होत नाही, खात्यातला पैसा निघत नाही, घाऊक व्यापारी उधार माल देत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०२१ च्या आदेशाने कोरोनाने दगावलेल्यांच्या वारसांना ५०,००० रुपये मिळू लागले, त्यालाही दाखलाच लागला. कब्रस्तानची पावती हातात असूनही कागद अपुरा पडला अशी कुटुंबे आपल्या आसपास असतील. बाजार उघडून त्यांना काय मिळणार होते?

सेवा बंद ठेवण्याची किंमत किती असते, याचा सर्वात कडू धडा मालेगावने दिला. मालेगाव हे लहान गाव नव्हे, महानगरपालिका आहे, तरी यंत्रमागाच्या त्या शहराची गोष्ट आपल्या प्रत्येक वाचकाने लक्षात ठेवावी. एप्रिल २०२० मध्ये तिथे साथ पसरली, माग थांबले आणि खाजगी दवाखान्यांचीही दारे लागली. त्या महिन्यात कब्रस्तानात दफने वाढली, आणि त्यांतली बरीच माणसे कोरोनाची नव्हती. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, दमा असणाऱ्यांना नेहमीचा डॉक्टर मिळेना आणि ती घरीच गेली. पुढे प्रशासनाने डॉक्टरांशी बोलून दवाखाने उघडायला लावले, गल्लीगल्लीत वडीलधाऱ्यांना आणि उलेमांना विश्वासात घेतले, मग चित्र पालटू लागले. रोगापासून वाचवायला म्हणून जे बंद केले, त्यानेच माणसे मेली. यंत्रमाग चालू होण्याआधी दवाखाना चालू व्हावा लागतो, हे तिथल्या मजुराला कोणी शिकवण्याची गरज उरली नाही.

आता बाजाराकडे येऊ, कारण तिथेही पुष्कळ गोंधळ झाला. ३१ मे २०२० च्या राज्य सरकारच्या आदेशात रस्त्याच्या एका बाजूची दुकाने एके दिवशी आणि दुसऱ्या बाजूची दुसऱ्या दिवशी, हा नियम ठराविक मोठ्या महापालिकांसाठी होता. उरलेल्या गावांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ अशी मुभा होती, गर्दी झाली तर बंद करण्याचा अधिकार स्थानिक प्रशासनाला होता. तरीही कितीतरी लहान गावांनी सम-विषमचा नियम आपल्यावर ओढवून घेतला. या नियमात गंमत अशी की महिना ३१ दिवसांचा असला की विषम बाजूला ३१ आणि १ असे सलग दोन दिवस मिळतात, समवाल्याने तोंड बघत बसायचे. जिथे समोर शाळेची भिंत आहे, दुसरी बाजूच नाही, तिथेही दिवसाआड कुलूप. आणि गिऱ्हाईक तेवढेच, दुकाने निम्मी, मग गर्दी कमी होणार कशी? गाळ्याचे भाडे मात्र कोणी निम्मे केले नाही.

मग आला 'जनता कर्फ्यू'. जुलै ते सप्टेंबर २०२० या काळात राज्यातल्या अनेक गावांत पाच-सात दिवसांचे असे कर्फ्यू झाले. काही पुढाऱ्यांची आणि बड्या व्यापाऱ्यांची बैठक व्हायची, ठराव व्हायचा, ध्वनिक्षेपकाची रिक्षा फिरायची. नाव ऐच्छिक, पण उघडणाऱ्याला दमदाटी. केंद्राने २९ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट कळवले होते की प्रतिबंधित क्षेत्राबाहेर राज्यांनी आपल्या मनाने स्थानिक टाळेबंदी लावू नये. त्यानंतरही हे चालले ते 'ऐच्छिक' या शब्दाच्या आडोशाने. साथ होती, भीती खरी होती, आणि बंद पाळण्यात चांगली भावनाही होती. पण त्या बैठकीत कोण होते? होलसेलवाला होता, सराफ होता. रोज दोनशे रुपये कमावून रोज दीडशे खर्च करणारा कल्हईवाला, गादी भरणारा, पंक्चरवाला यांना कोणी बोलावले होते काय? ज्याच्या घरात महिन्याचे धान्य भरलेले असते त्याला सात दिवसांचा त्याग सोपा असतो.

पुढच्या वर्षी तर अंकगणित आले. जून २०२१ पासून रुग्ण सापडण्याचे प्रमाण आणि भरलेल्या प्राणवायूच्या खाटा यांवरून पाच स्तर ठरले. ५ टक्क्यांच्या आत प्रमाण आणि खाटा २५ टक्क्यांहून कमी भरलेल्या असतील तर सारे खुले. कल्पना चांगली होती, निदान अंदाजपंचे कारभार थांबला. परंतु मोजमापाचे एकक होते जिल्हा. १० लाखांवरील महापालिका तेवढ्या वेगळ्या मोजल्या जात. म्हणजे जिल्ह्याच्या एका टोकाला रुग्ण वाढले तर दुसऱ्या टोकाच्या, एकही रुग्ण नसलेल्या गावातला शिंपी दुपारी ४ वाजता मशीन झाकून घरी. जूनअखेरीस सारे राज्य किमान तिसऱ्या स्तरात गेले : चारपर्यंत दुकाने, शनिवार-रविवार बंद. ज्या गावचा आठवडी बाजार रविवारचा, तिथल्या व्यापाऱ्याचे सारे मरण त्या एका ओळीत होते. मजूर गिऱ्हाईक कामावरून सुटते पाच-सहाला, तेव्हा बाजारात कुत्रेही नाही. २ ऑगस्ट २०२१ च्या आदेशाने अनेक जिल्ह्यांत वेळ रात्री ८ पर्यंत वाढली, पण तोवर कित्येकांनी कारागिरांना घरी पाठवले होते. गेलेला चांगला कारागीर परत येत नाही हे ज्यांनी कारखाना चालवला आहे त्यांना माहीत आहे.

एक गोष्ट टाळून पुढे जाणे प्रामाणिक होणार नाही. एप्रिल २०२० मध्ये दिल्लीच्या मरकजचे प्रकरण झाल्यावर देशात अनेक ठिकाणी आपल्या भाजी-फळवाल्यांना गल्लीत येऊ दिले नाही, नाव विचारून माल नाकारला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवल्याबद्दल कठोर शब्दांत सुनावले. न्याय मिळाला, पण फळे तोवर नासली होती. आम्ही हे जुनी जखम कुरतडण्यासाठी सांगत नाही. ज्या आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ खाली आपली दुकाने बंद झाली, त्याच कायद्याचे कलम ६१ सांगते की मदत आणि भरपाई देताना धर्म, जात, लिंग यांवरून भेदभाव करता येणार नाही. पासवाटपात किंवा मदतवाटपात पक्षपात दिसला तर रस्त्यावर आरडाओरड न करता हे कलम लिहून मुख्याधिकाऱ्यांकडे अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची, हे किती जणांना ठाऊक होते? १८९७ च्या साथरोग कायद्यातही खर्च आणि भरपाई कोणी कशी द्यावी हे ठरवण्याचा अधिकार सरकारला दिलेला आहे. दंडाचे कलम सर्वांना पाठ झाले, हे कलम कोणी वाचले नाही.

आणि आपल्याही पदरात काही घालून घ्यायला हवे. अर्धे शटर उघडून मागच्या दाराने चढ्या भावाने माल विकणारे आपल्यातही होते. त्याहून मोठा दोष कागदाच्या आळसाचा. तीन पिढ्यांचा धंदा, पण परवाना नाही, नोंद नाही, पावतीपुस्तक नाही. मे २०२० मध्ये केंद्राने लघुउद्योगांना तारणाविना कर्जाची हमी दिली, ती आधीपासून बँकेचे कर्ज असलेल्यांना, त्या थकबाकीच्या २० टक्के. व्याजापासून दूर राहणाऱ्या आपल्या व्यापाऱ्याच्या वाट्याला त्यातून काहीच आले नाही, आणि येणारही नव्हते. त्याचे दुःख नाही. पण जिथे व्याजाचा प्रश्नच नव्हता, जिथे सरळ मदत होती, तिथेही केवळ नोंद नाही म्हणून आपण रिकाम्या हाताने परतलो. १ जुलै २०२० पासून उद्यम नोंदणी सुरू आहे, तिला एक पैसा लागत नाही. रफूगारापासून बेकरीवाल्यापर्यंत कोणीही ती करू शकतो. मशिदीच्या पेशइमामांनी किंवा जमातीच्या एखाद्या शिकलेल्या तरुणाने जुम्म्यानंतर तासभर बसून दहा-वीस जणांची नोंदणी करून दिली, तर तेही मोठे काम होईल.

हे सारे आजच का सांगायचे? कारण बऱ्याच नगरपालिकांत मुदत संपल्यापासून प्रशासक बसले होते, आणि २४६ नगरपरिषदा व ४२ नगरपंचायतींच्या निवडणुका अखेर डिसेंबर २०२५ मध्ये झाल्या. आता दार ठोठवायला नगरसेवक आहे, नगराध्यक्ष आहेत. साथ पुन्हा केव्हा येईल हे अल्लाहलाच माहीत, पण पूर येतो, दंगल होते, संचारबंदी लागते, आणि प्रत्येक वेळी बाजार आणि पालिका एकदमच बंद होतात. म्हणून आत्ताच ठराव मागायला हवा. पालिका कितीही बंद असो, जन्म-मृत्यू नोंद आणि विक्रेता प्रमाणपत्र यांची खिडकी रोज दोन तास तरी उघडी राहील. सरकारी आदेशाने गाळा बंद राहिला तितक्या दिवसांचे भाडे आपोआप वजा होईल, त्यासाठी अर्ज-विनंत्या नकोत. थकलेल्या घरपट्टीवर दरमहा २ टक्के शास्ती चढते, ती त्या काळापुरती थांबवण्याची शिफारस पालिका शासनाकडे करील. बंदचा प्रत्येक आदेश लेखी, मराठीत, सुरू आणि शेवटच्या तारखेसह चौकात लागेल. रिक्षातल्या भोंग्याला आदेश म्हणता येत नाही.

आणि फेरीवाला समिती. २०१४ च्या कायद्याप्रमाणे या समितीत किमान ४० टक्के सदस्य स्वतः फेरीवाले असले पाहिजेत, त्यांतल्या एकतृतीयांश स्त्रिया. आपल्या गावात ही समिती आहे काय, तिची शेवटची बैठक कधी झाली आणि सर्वेक्षणाच्या यादीत किती नावे आहेत, हे तीन प्रश्न माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर विचारता येतात. उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. जे वाचक बंधू-भगिनी असा अर्ज करतील त्यांनी मिळालेल्या उत्तराची प्रत आमच्याकडे पाठवावी, आम्ही ती याच पानावर छापू.