हाही बुद्धीचाच व्यवसाय

लातूर पॅटर्नचा डंका महाराष्ट्रभर वाजतो आणि नांदेडच्या शिकवणी वर्गांपुढे परजिल्ह्यांतील पालकांची रीघ लागते. हुशार मुलाने डॉक्टर व्हावे, ते न जमल्यास अभियंता, आणि ज्याला काहीच जमले नाही त्याने आयटीआयची वाट धरावी, ही उतरंड मराठवाड्याने मोठ्या भक्तिभावाने रचून ठेवली आहे. ती मुळातच खोटी आहे.

आजच्या मोटारीतील विद्युत बिघाड शोधणे हे काम कोणत्या प्रतीचे आहे, ते एकदा नीट पाहावे. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या जोडणीला स्कॅनर लावला की पडद्यावर सांकेतिक क्रमांक उमटतो. समजा 'पी ०३३५' आला. क्रँकशाफ्टची स्थिती कळविणाऱ्या सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष आहे, एवढेच तो सांगतो. सेन्सरच बिघडला, असे तो म्हणत नाही! तार उंदराने कुरतडली असेल, पावसाळ्यात जोडणीत ओल शिरून गंज चढला असेल, अर्थची तार सैल झाली असेल. शिकलेला कारागीर मीटर हाती घेऊन एकेक शक्यता बाद करीत जातो. न शिकलेला नवा सेन्सर बसवितो, आठ दिवसांनी गाडी पुन्हा बंद पडते आणि भुर्दंड ग्राहकाला.

मोटारीतील अनेक संगणक परस्परांशी पीळ दिलेल्या दोन तारांवरून बोलतात. बॉश कंपनीने १९८६ मध्ये जगापुढे मांडलेली ही 'कॅन' पद्धती. तारांच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असतो. बॅटरी सोडवून मोजल्यास सुमारे ६० ओहम यावेत. १२० आले, तर एका बाजूची वाट तुटली. समांतर जोडणीचा हा नियम आपला विद्यार्थी बहुपर्यायी प्रश्नात क्षणार्धात सोडवितो. पण त्यांतल्या किती जणांनी खऱ्या तारेला कधी मीटर लावले आहे?

जुन्या उस्तादांना दोष देण्यात अर्थ नाही. बल्ब लावून करंट पाहणारी त्यांची पद्धत त्या काळी अचूक होती. आज तोच बल्ब नाजूक सर्किटमधून झेपेल त्याहून अधिक प्रवाह ओढू शकतो. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ मानके आली आणि नव्या दुचाकींतूनही कार्ब्युरेटर जवळपास हद्दपार झाला. गाडी बदलली, तिला हात लावणाऱ्याला नवे शिकविण्याची तजवीज मात्र झाली नाही.

शिकू इच्छिणाऱ्याच्या वाटेत कंपन्यांचे कुलूपही आहेच. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला आणि सुटे भाग व निदानाची साधने स्वतंत्र कारागिरांनाही उपलब्ध करून देण्याचे आदेश दिले. प्रकरण अपिलांत गेले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ उघडले. पण एखाद्या मॉडेलचा वायरिंगचा नकाशा हाती येऊनही तो वाचता येत नसेल, तर त्या हक्काचे करायचे काय? अकुशल हातांत ही साधने गेल्यास सुरक्षितता धोक्यात येईल, हा कंपन्यांचा युक्तिवाद. एअरबॅगच्या तारांशी खेळ जिवावर बेततो, हे खरेच. मग हात कुशल करा की! अज्ञान कायम ठेवून त्याचाच दाखला देणे, ही कोणती नीती?

केंद्राच्या शिल्प कारागीर प्रशिक्षण योजनेत 'मेकॅनिक ऑटो इलेक्ट्रिकल अँड इलेक्ट्रॉनिक्स' हा स्वतंत्र व्यवसाय आहे. नांदेड-लातूरच्या किती पालकांनी त्याचे नाव ऐकले असेल? आयटीआयच्या कार्यशाळेत मुद्दाम दोष पेरलेली चालू गाडी उभी करावी, वायरिंगचे नकाशे मराठीत समजावून द्यावेत, आणि गॅरेज बंद झाल्यावर येऊ शकणाऱ्या उस्तादांसाठी सायंकाळचे वर्ग भरवावेत. नीटचे वर्ग पहाटेपासून भरविणाऱ्या शहरांना हे न जमण्यासारखे काय आहे?