सलामीला जोडी हवी, दोन फलंदाज नकोत

क्रिकेटच्या निवडीविषयी गाण्याच्या मास्तराने काय बोलावे, असा प्रश्न या पानाच्या वाचकांना पडल्यास त्यात नवल नाही. माझ्या वडिलांना दरबारी चाकरीची अखेरची वर्षे ऐन पोरवयात लाभली. संस्थान विलीन झाले, बैठक उठली, पण तंबोरा घरात राहिला. मी त्यांचा उतारवयातला मुलगा. त्यांची विद्या घेऊन गेली कित्येक वर्षे बिदर जिल्ह्यात हुमनाबादच्या बाजूला राहतो, आठवड्यातून दोन दिवस कलबुर्गीला शिकवणीस जातो आणि उरलेल्या वेळात इतर चार माणसांप्रमाणे क्रिकेटवर बोलतो. तेव्हा मला या विषयावर अधिकार नसला, तरी मत आहे. आणि ते मत तंबोऱ्याजवळ बसून झालेले असल्यामुळे कदाचित थोडे वेगळे असेल.

आपल्या कसोटी संघाचे दिवस अलीकडे बरे गेले नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध बंगळूरच्या मैदानावर सारा संघ ४६ धावांत बाद झाला आणि घरची ती मालिका आपण तीन विरुद्ध शून्य अशी गमावली. पुढे ऑस्ट्रेलियात तीन विरुद्ध एक असा पराभव झाला. इंग्लंडमध्ये २०२५ च्या उन्हाळ्यात बरोबरी साधून थोडी अब्रू राखली, तोच नोव्हेंबरात दक्षिण आफ्रिकेने येऊन दोन्ही कसोट्या जिंकल्या. त्यातली गुवाहाटीची तर ४०८ धावांनी! अशा वेळी पहिला प्रश्न निघतो तो सलामीचा. कोणाला पाठवावे आणि कोणाला काढावे?

आमच्या या सीमाभागात या प्रश्नावर एक नव्हे, तीन निवड समित्या बसतात. बिदर आणि कलबुर्गी हे जिल्हे १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. त्यामुळे जुन्या घरांचे मन अजून हैदराबादकडे झुकते. त्यांच्या मते सलामी म्हणजे जयसिंहा. १९६० साली कानपूरला पाकिस्तानविरुद्ध आठ तासांहून अधिक काळ उभा राहून ९९ वर धावबाद झालेला तो देखणा गृहस्थ. तरुण मंडळी कर्नाटकाची. त्यांना राहुल आणि मयंक अगरवाल यांच्यापलीकडे सलामी ठाऊक नाही. आणि भालकी, बसवकल्याणकडची मराठी माणसे अजून मुंबईच्या नावाने शपथ घेतात. पानपट्टीवर कन्नड, मराठी आणि दखनी या तिन्ही भाषांत वाद चालतो. पण तिघांचा मुद्दा एकच असतो, की आमचा माणूस घ्या.

वाचकहो, घोळ नेमका इथेच आहे. ‘माणूस’ निवडण्याच्या नादात आपण ‘जोडी’ विसरतो.

तंबोऱ्याला चार तारा असतात. मधल्या दोन तारांना जोडाच्या तारा म्हणतात. दोन्ही एकाच षड्जात मिळवायच्या. त्यांत पहिली कोणती आणि दुसरी कोणती, असा मान नाही. एक तार तुटून नवी चढवली की ती लगेच ठरत नाही. ताण घेते, उतरते, पुन्हा चढवावी लागते, आणि ती ठरेपर्यंत जुन्या तारेलाही तिच्यासाठी थांबावे लागते. मिरजेहून आणलेला उत्तम तंबोरा असला तरी या नियमातून त्याची सुटका नाही. नवी तार दोन वेळा उतरली म्हणून जो ती काढून फेकतो आणि तिसरी चढवतो, त्याचा तंबोरा जन्मभर बेसूरच वाजायचा.

आता आपला इतिहास पाहा. १९५२ च्या इंग्लंड दौऱ्यात लीड्सला आपल्या दुसऱ्या डावात धावफलकावर शून्य धावा आणि चार गडी बाद असा आकडा लागला होता. त्या चारांत सलामीचे पंकज रॉय आणि बडोद्याचे दत्ताजीराव गायकवाड हे दोघेही होते. रॉयने त्या मालिकेत सात डाव खेळून पाच वेळा भोपळा फोडला नाही. आजच्या काळात अशा फलंदाजाचे काय झाले असते, ते सांगायला नको! पण त्याच्यासाठी दार कायमचे लावले गेले नाही. पुढच्याच वर्षी किंग्स्टनला वेस्ट इंडीजविरुद्ध त्याने ८५ आणि १५० धावा केल्या, आणि जानेवारी १९५६ मध्ये मद्रासला विनू मंकडबरोबर न्यूझीलंडविरुद्ध ४१३ धावांची सलामी दिली. तो जागतिक विक्रम ५२ वर्षे, म्हणजे २००८ पर्यंत, कोणाला मोडता आला नाही.

त्याच वेस्ट इंडीज दौऱ्यात मुंबईचा एक विशीतला मुलगा सलामीला खेळत होता. माधव आपटे हे त्याचे नाव. पोर्ट ऑफ स्पेनला त्याने नाबाद १६३ धावा केल्या आणि पाच कसोट्यांत मिळून ४६० धावा जमवल्या. एकूण ७ कसोट्या, ५४२ धावा, सरासरी ४९.२७. त्यानंतर त्याला एकही कसोटी मिळाली नाही. एका तारेला वेळ दिला तिने विक्रम दिला, आणि जी सुरात लागलेली होती तीच काढून ठेवली. कोल्हापूरच्या वाचकांना अशी हळहळ नवी नाही. १९४८ साली नाबाद ४४३ धावा करणारे आपले भाऊसाहेब निंबाळकर एकही कसोटी न खेळता गेले.

दुसरे उदाहरण गावसकर आणि चेतन चौहान यांचे. चौहानने ४० कसोट्यांत २०८४ धावा केल्या आणि शतक एकही केले नाही. नुसता आकडा पाहणारा म्हणेल, हा गडी कशासाठी ठेवला होता? तो यासाठी, की या दोघांनी सलामीला तीन हजारांहून अधिक धावा मिळून केल्या. १९७९ साली ओव्हलवर गावसकरने २२१ धावांचा तो अविस्मरणीय डाव मांडला, तेव्हा पहिल्या गड्यासाठी २१३ धावा झाल्या होत्या आणि त्यात चौहानच्या ८० होत्या. मैफलीत तंबोऱ्याचे नाव कोणी घेत नाही, पण तो थांबला की गवई उघडा पडतो. चौहान गेल्यावर गावसकरच्या जोडीला किती गडी आले आणि गेले, ते आठवून पाहा.

यावर कोणी म्हणेल, सेहवाग मूळचा मधल्या फळीचा, रोहित शर्माही मधल्या फळीचा. दोघांना वर पाठवले आणि सोने झाले. खरे आहे. पण २००२ साली सेहवागला सलामीला पाठवल्यावर ती जागा त्याच्याकडेच राहू दिली. रोहितलाही २०१९ साली विशाखापट्टणमला त्या जागी उभे केले तेव्हा समोर मयंक अगरवाल हा हाडाचा सलामीवाला होता. दोघांनी ३१७ धावांची सलामी दिली आणि रोहित ती जागा पुढे अनेक वर्षे राखून होता. उलट हैदराबादच्या लक्ष्मणला जागा नाही म्हणून वर ढकलण्यात आले. जानेवारी २००० मध्ये सिडनीला त्याने सलामीला येऊन १६७ धावा केल्या, तरी ते आपले घर नव्हे हे ओळखून त्याने पुढे सलामीला जाण्यास नकार दिला. त्यानंतर कोलकात्यात तिसऱ्या क्रमांकावर २८१ धावांचा डाव झाला. वरची जागा म्हणजे मधल्या फळीत न मावलेल्या पाहुण्यांची ओसरी नव्हे, एवढाच याचा अर्थ.

आणि तरीही आपण काय करतो? नोव्हेंबर २०२४ मध्ये पर्थला जयस्वाल आणि राहुल यांनी दुसऱ्या डावात २०१ धावांची सलामी दिली. परक्या मुलखात, उसळत्या खेळपट्टीवर जोडी लागली होती. चौथ्या कसोटीत मेलबर्नला कर्णधार रोहित सलामीला परतला आणि राहुल तिसऱ्या क्रमांकावर गेला. रोहितने ३ आणि ९ धावा केल्या, राहुलने २४ आणि शून्य, सामना गेला. पुढच्या कसोटीत रोहित स्वतःच बाहेर बसला. रोहितच्या मोठेपणाबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण लागलेली तार भर मैफलीत उतरवली, हे म्हणणे भाग आहे. राहुलला पुढे इंग्लंडमध्ये पाचही कसोट्या सलामीची जागा दिली, तेव्हा त्याने दोन शतकांसह ५३२ धावा केल्या, हे सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. त्याच दौऱ्यात शंभराहून अधिक प्रथम दर्जाचे सामने सलामीला खेळलेला अभिमन्यू ईश्वरन संघाबरोबर होता; पाचही कसोट्या त्याने बाहेरून पाहिल्या.

हा प्रश्न वरच्या अकरांपुरताच असता, तर मी लेखणी उचलली नसती. माझ्याकडे गळा शिकायला येणारा एक मुलगा सलामीला खेळतो. आमच्याकडे बहुतेक सामने टेनिसच्या चेंडूने आणि मोजक्या षटकांचे. तो तासभर उभा राहतो, चेंडू सोडून देतो, नवा चेंडू जुना करतो. पुढच्यांना मोकळे मैदान मिळते. बक्षीस मात्र शेवटी येऊन चार षटकार मारणाऱ्याला. दोन सामन्यांत धावा कमी झाल्या म्हणून त्याला सहाव्या क्रमांकावर टाकले. आता तोही आडवी बॅट फिरवतो. त्याचे काय चुकले? उभे राहण्याला किंमत नाही, हे त्याने आपल्या डोळ्यांनी पाहिले. वरच्या मैफलीत जे चालते, त्याचीच नक्कल गावच्या भजनात होते.

इथे जवळच माणिकनगरला प्रभूंच्या दरबारात मोठमोठ्या गवयांनी हजेरी लावली आहे. कोणत्याही मोठ्या उत्सवात पहिली बैठक मात्र कोणाला नको असते. मंडप अर्धा रिकामा, लोक जागा शोधताहेत, ध्वनिक्षेपक किंचाळतो आहे. अशा वेळी जो शांतपणे षड्ज लावून मंडप गाण्याला आणतो, त्याच्या कमाईवर मागाहून येणारे बुवा टाळ्या घेतात. सलामीच्या फलंदाजाचे काम हेच. त्याचे मोल त्याच्या स्वतःच्या सरासरीत अर्धेच सापडते. उरलेले अर्धे, चौथा फलंदाज मैदानात उतरला तेव्हा किती षटके झाली होती आणि चेंडूची लकाकी किती उरली होती, यात शोधावे लागते.

म्हणून निवड समितीकडे माझे मागणे थोडके आहे. सलामीला दोन नावे निवडू नका, जोडी निवडा. ती रणजी करंडकात नवा चेंडू तासन् तास खेळलेल्यांतून निवडा. कोणाला मधल्या फळीतून वर आणायचेच असेल तर खुशाल आणा, पण मग ती जागा त्याची आहे हे त्याला आणि जगाला सांगा. आणि निवडलेल्या जोडीला निदान एक संपूर्ण मालिका हात लावू नका. मग ती पहिल्या कसोटीत दोन्ही डावांत शून्यावर का परतेना.

असे केल्यास हार व्हायची नाही काय? होईलही. पण जोडी बदलत राहूनही आपण हरतोच आहोत. मग हरायचेच असेल, तर ते जोडी जुळवताना हरलेले काय वाईट? निदान त्या हरण्यातून काहीतरी सुरात लागेल.