पद्मिनीची खडखड

"तुमच्या या गाडीत मी आता बसायची नाही," असं आमच्या सौभाग्यवतींनी गेल्या पावसाळ्यात जाहीर केलं. मला राग आला. गाडी म्हणजे १९९४ सालची प्रीमियर पद्मिनी. आदल्याच महिन्यात तिला नवा रंग दिला होता, बंपर चकचकीत करून घेतले होते. पण कंबरदुखीला रंगाचं काय कौतुक? प्रत्येक खड्ड्याला मागून 'खड्' असा आवाज यायचा आणि तो थेट त्यांच्या मणक्यात जायचा.

मुलगा म्हणाला, "बाबा, विकून टाका. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सीसुद्धा गेल्या!"

दोष निघाला मागच्या पाट्यांच्या बुशांत. पाटा गाडीच्या अंगाला जिथं बोल्टनं जोडलेला असतो, तिथं रबराची एक जाड नळी असते. लोखंड लोखंडावर आपटू नये, हे तिचं काम. वयानं, उष्णतेनं, तेल लागून हे रबर कडक होतं, चिरतं. मग धक्का मधल्यामध्ये जिरत नाही.

पहिल्या मेकॅनिकनं एकाच बाजूचे बुश बदलले, गाडी उचललेली असतानाच बोल्ट गच्च आवळले आणि पैसे घेतले. तीन महिन्यांत खडखड परत! मग एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी दोन्ही बाजूंचे बुश काढले. नवे बसवताना ग्रीस लावू दिलं नाही, साबणाचं पाणी लावलं. बोल्ट सैल ठेवून गाडी चाकांवर उतरवली, मागून दोन-चारदा दाबून हलवली आणि मगच आवळली. का, म्हणून विचारलं. म्हणाले, "साहेब, हे रबर फिरत नाही, पिळवटतं. चाकं लोंबकळताना आवळलं तर गाडी उभी असतानाही त्याला पीळ राहणार. फाटणारच ते."

पॉलियुरेथेनचे बुश जास्त टिकतात, असं हौशी मंडळी सांगतात. टिकत असतील. पण ते कडक. शर्यतीच्या गाडीला ठीक. घरच्या माणसांना बसवायचं, तर माझं मत रबरालाच. आणि जुन्या गाडीवर खर्च करायचा तो आधी खालून करावा. रंग थांबू शकतो. हे मी कोणत्या तोंडानं सांगतो, असं कुणी विचारेल. बँकेत वर्षानुवर्षं वाहनकर्जं मंजूर केली. रंग पाहिला, टायर पाहिले, विम्याचे कागद पाहिले. खाली वाकून एकदाही पाहिलं नाही. माझ्या स्वतःच्या गाडीखालीसुद्धा नाही, आणि त्याची किंमत घरातल्या माणसानं मोजली.

गेल्या रविवारी बऱ्याच विनवण्या करून सौभाग्यवतींना वाईला नेलं. खंबाटकी घाट उतरेपर्यंत त्या गप्पच होत्या. माझे कान मागच्या पाट्यांकडे. मग म्हणाल्या, "ही खिडकीची काच तेवढी वाजतेय बघा अजून."